पैसा एका खात्याचा, इंजिनिअर दुसऱ्याचा : आदिवासी विकास विभागाच्या पुनर्रचनेचं प्रकरण

महाराष्ट्र सरकारच्या बऱ्याच खात्यांची आयुक्तालयं पुण्यात आहेत. शिक्षण, कृषी, सहकार, समाजकल्याण या कुठल्याही कामाचा पाठपुरावा करायचा तर माणूस पुण्याची गाडी धरतो. आदिवासी विकास आयुक्तालय मात्र नाशिकला आहे, जुन्या आग्रा रोडवर गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालयही तिथेच. मंत्री आणि सचिव मंत्रालयात बसतात, आयुक्त नाशिकला. त्यांच्या हाताखाली नाशिक, ठाणे, अमरावती आणि नागपूर इथे चार अपर आयुक्त आहेत आणि त्यांच्याखाली राज्यभर तीसेक एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं. नाशिक जिल्ह्यात अशी दोन कार्यालयं आहेत, एक नाशिकला आणि एक कळवणला.

जागेची निवड चुकीची नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ९.३५ टक्के होतं. नाशिक जिल्ह्यात ते पंचवीस टक्क्यांच्या वर आहे, शेजारच्या नंदुरबारमध्ये एकोणसत्तरच्या घरात. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी या पट्ट्यातली कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकूर, कातकरी माणसं दाखल्यासाठी किंवा वसतिगृहाच्या प्रवेशासाठी एसटीने नाशिकला येऊ शकतात. पण कार्यालय माणसांजवळ आलं म्हणून निर्णयही जवळ आला, असं झालं का? गेल्या तीन दशकांत या खात्याची जी पुनर्रचना झाली ती प्रशासनाच्या विद्यार्थ्याने मुळापासून पाहावी अशी आहे. तिचा एक भाग फार धाडसाचा होता. दुसरा भाग कोणी हातातच घेतला नाही.

खातं जन्माला कसं येतं

राज्यात नवं खातं काढायला विधिमंडळाचा कायदा लागत नाही. घटनेच्या १६६ व्या अनुच्छेदाखाली राज्यपाल शासनाची कार्यनियमावली करतात आणि कोणता विषय कोणत्या विभागाकडे, हे तिथे ठरतं. मंत्रिमंडळाने मनावर घेतलं की एक विषय एका विभागातून काढून दुसऱ्याकडे देता येतो. २०१७ मध्ये सामाजिक न्याय विभागातून इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांचे विषय असेच वेगळे निघाले. २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याण विभाग असाच झाला.

आदिवासी विकासाची गोष्ट त्याच्या बरीच आधीची. १९७२ मध्ये समाजकल्याण विभागाखाली आदिवासी विकास संचालनालय सुरू झालं. पाचव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने आदिवासी उपयोजना आणली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा आदिवासींसाठी राखावा असं राज्यांना सांगितलं. २२ एप्रिल १९८३ रोजी स्वतंत्र आदिवासी विकास विभाग स्थापन झाला. १९९२ मध्ये आयुक्तालय आणि संचालनालय एकत्र करण्यात आलं. आदिवासी कल्याणासाठी मंत्री असलाच पाहिजे अशी राज्यं घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात नावानिशी दिली आहेत: छत्तीसगड, झारखंड, मध्य प्रदेश आणि ओडिशा. महाराष्ट्र त्या यादीत नाही. म्हणजे हे खातं राज्याने आपणहून उभं केलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

कागदावरचे टक्के

स्वतंत्र विभाग झाला तरी १९९३ पर्यंत उपयोजनेचा पैसा त्याच्या हातात नव्हता. प्रत्येक खातं आपापल्या योजनांतून काही रक्कम 'आदिवासी उपयोजना' या रकान्यात दाखवायचं. बांधकाम खातं दाखवायचं, पाटबंधारे दाखवायचं, वीजवाले दाखवायचे. वर्षाअखेरीस बेरीज केली की टक्केवारी बऱ्यापैकी दिसायची. त्यातलं पाड्यावर किती पोचलं, हे त्या बेरजेतून कळायला मार्ग नव्हता. एखाद्या मोठ्या प्रकल्पाचा ठराविक हिस्सा 'यातून आदिवासींनाही लाभ होतो' म्हणून लिहायचा, ही देशभरच्या खात्यांची सवय होती. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यात फिरलं तर या सवयीतला विनोद लगेच कळतो: धरणं तिथे, बुडालेली जमीन तिथली आणि पाणी मुंबईला किंवा खाली गोदावरीच्या खोऱ्यात.

यावर उपाय सुचवण्यासाठी माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९२ मध्ये तिने सुचवलेला बदल सांगायला एका वाक्याचा आहे. खात्यांनी आधी आपापले आराखडे करायचे आणि मग त्यातला आदिवासी हिस्सा मोजायचा, हा क्रम समितीने उलटा करायला सांगितला. राज्याच्या वार्षिक योजनेतला लोकसंख्येच्या प्रमाणातला, म्हणजे सुमारे ९ टक्के हिस्सा आधीच बाजूला काढायचा आणि आदिवासी विकास विभागाच्या हवाली करायचा. रस्त्याला किती, आरोग्याला किती, शेतीला किती, हे तो विभाग ठरवेल. बाकीच्या खात्यांनी त्याच्याकडे प्रस्ताव घेऊन यायचं.

१९९३-९४ पासून हे अमलात आलं. अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याच्या खर्चाची एकेका अक्षराची 'मागणी' असते. हा पैसा आदिवासी विकास विभागाच्या 'टी' मागणीखाली दिसू लागला. एरवी बांधकाम खातं 'एच'मध्ये, सार्वजनिक आरोग्य 'आर'मध्ये आणि ग्रामविकास 'एल'मध्ये असतं. आता आदिवासी भागातल्या रस्त्याचा किंवा दवाखान्याचा उपयोजनेतला पैसा 'टी'मधून निघणार होता. अर्थसंकल्पाची पुस्तकं कोणी कौतुकाने वाचत नाही, पण एका अक्षराच्या मागणीतून दुसऱ्या अक्षराच्या मागणीत रक्कम जाणं म्हणजे सचिवाच्या सहीचा अधिकार जाणं. बाकीच्या खात्यांनी हे हसत स्वीकारलं असेल असं मला वाटत नाही. ही पद्धत पुढे 'महाराष्ट्र पॅटर्न' म्हणून देशात सांगितली जाऊ लागली.

तिला पर्याय नव्हता असं नाही. २०१० मध्ये योजना आयोगाने अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. त्या कृती दलाने केंद्रासाठी वेगळी वाट सुचवली: प्रत्येक मंत्रालयाने आपल्याच तरतुदीतून ठराविक हिस्सा राखावा आणि तो मंत्रालयागणिक कमीजास्त असावा. या वाटेत ज्याच्याकडे काम त्याच्याकडेच पैसा राहतो. सुकथनकरांच्या वाटेत ज्याला गरज कळते त्याच्याकडे पैसा जातो. पहिल्या पद्धतीत खातं चुकारपणा करू शकतं. दुसरीत काय होतं ते नाशिकमध्ये बसून चांगलं दिसतं.

एक इमारत

कल्पित, पण नित्याची अशी एक फाइल घेऊ. सुरगाणा तालुक्यातल्या एका शासकीय आश्रमशाळेला मुलींसाठी वसतिगृहाची इमारत हवी आहे. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित, त्यामुळे अशी फाइल कुठे ना कुठे चालू असतेच.

मुख्याध्यापक कळवणच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र देतात. पहिला प्रश्न जागेचा. सुरगाण्यात शाळेभोवतीची जमीन बहुधा वन खात्याची निघते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडी यांसारख्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते आणि तोडायची झाडं हेक्टरी पंचाहत्तरच्या आत असावी लागतात. हा कागद वन विभागाकडे जातो. इकडे अंदाजपत्रक करायचं असतं. ते सार्वजनिक बांधकाम खात्याचा उपअभियंता करणार, त्यांच्या दरसूचीप्रमाणे. रक्कम किती त्यावर तांत्रिक मान्यता कोणत्या अभियंत्याची ते ठरतं. अंदाजपत्रक हाती आलं की प्रशासकीय मान्यतेसाठी प्रस्ताव अपर आयुक्त, आयुक्त आणि रक्कम मोठी असेल तर मंत्रालय असा चढतो. मान्यता मिळाली तर तरतूद आहे का ते पाहायचं. तरतूद असली तरी ती 'बीम्स' या सरकारच्या ऑनलाइन निधीवाटप प्रणालीवर वितरित व्हावी लागते, नाहीतर ती पुस्तकातच. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. तोवर जून उजाडलेला असतो. सुरगाणा-पेठचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचे चार महिने पाया खणता येत नाही हे सांगायला नको. या सगळ्यात दरसूची बदलली तर सुधारित अंदाजपत्रक आणि सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे अर्धी वाट पुन्हा चालायची.

या साखळीत कोणी कामचुकार नाही, कोणी पैसे खाल्लेले नाहीत असं मी मुद्दाम धरलं आहे. तरीही काम रखडतं, कारण इमारतीचा पैसा आदिवासी विकासचा असला तरी उपअभियंत्याची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल बांधकाम खात्याच्या हातात आहे. त्याच्या टेबलावर राज्यमार्गाचं काम असतं, आमदारांच्या पत्रातलं काम असतं, आणि त्या ढिगात आश्रमशाळेचं वसतिगृह असतं. प्रकल्प अधिकारी त्याला बैठकीला बोलावू शकतात, स्मरणपत्र पाठवू शकतात. त्याच्या वरिष्ठांना फोन करू शकतात. पुढे काही नाही.

इमारतीच्या जागी आजारी मूल ठेवून पाहिलं तर हीच गोष्ट जीवघेणी होते. शाळा आणि वसतिगृह आदिवासी विकासचं, प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेतला. त्याने आश्रमशाळेत कधी जायचं हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इतका वाढला की राज्यपालांच्या पातळीवर दखल घेतली गेली आणि आरोग्य सेवेचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीकडे तो सोपवावा लागला. आरोग्य खातं त्याच राज्यात, त्याच सरकारात असताना ही वेळ आली.

हात नाहीत म्हणून खरेदी

ज्या खात्याकडे पैसा आहे पण इंजिनिअर, डॉक्टर, कृषी सहायक नाहीत, त्याला मार्च संपायच्या आत खर्च दाखवायचा तर सर्वांत सोपं काय? वस्तू विकत घेणं. डिझेल इंजिन, गाई-म्हशी, भांडी, गणवेश, स्वेटर, साबण, तेल. खरेदीला तांत्रिक मान्यतेची लांब साखळी लागत नाही, पुरवठादार दारात उभा असतो. खात्याच्या कारभारातला सर्वांत काळा काळ इथून आला असं माझं मत आहे. २००४ ते २००९ या वर्षांतल्या योजनांमधल्या गैरव्यवहारांच्या आरोपांवर मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती २०१४ मध्ये नेमली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. तो इतका मोठा होता की त्यावर कारवाई काय करायची हे तपासायला निवृत्त सनदी अधिकारी पी. डी. करंदीकर यांची आणखी एक समिती बसवावी लागली.

याचा दोष सुकथनकर समितीच्या माथी मारायची एक पद्धत आहे, 'पैसा एका ठिकाणी आणला म्हणून खाल्ला गेला' असं म्हणायचं. मला ते पटत नाही. पैसा विखुरलेला होता तेव्हा तो आदिवासींपर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे कोणी खाल्ला की नाही हे शोधायचीही सोय नव्हती. चूक त्यानंतरची आहे. पैसा दिल्यावर इतर खात्यांकडून काम करून घेण्याचं बळ खात्याला दिलं नाही, म्हणून खातं स्वतःच दुकानदार झालं.

सरकारने त्यावर शोधलेला उपाय म्हणजे थेट खात्यात रक्कम. आधी गणवेश, साबण-तेल अशा वस्तूंऐवजी पैसे आणि २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाऐवजी पैसे. पुरवठादार बाजूला झाला हे खरं. पण अठरा वर्षांच्या मुलाने परक्या शहरात रोज खानावळ शोधायची, आणि रक्कम उशिरा आली तर? त्या वर्षी जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, मेस परत सुरू करा म्हणून. मोर्चा आयुक्तालयाकडे होता. धोरण मंत्रालयात ठरलेलं होतं.

सीबीएस चौकातून मंत्रालयाकडे

त्याच वर्षी ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान मोर्चा निघाला आणि १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. त्यातले बहुसंख्य लोक सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी शेतकरी होते आणि त्यांची एक प्रमुख मागणी वनहक्क दाव्यांची होती. मोर्चाच्या राजकारणात न जाता फक्त कार्यालयांचा नकाशा पाहा. वनहक्क कायद्यासाठी राज्यातला नोडल विभाग आदिवासी विकास. दावा तपासते प्रांताधिकाऱ्यांची उपविभागीय समिती, मंजूर-नामंजूर करते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. पुरावा वन विभागाकडे, मोजणी भूमि अभिलेखकडे. आदिवासी विकास आयुक्त, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, वनाधिकारी हे सगळे नाशिक शहरात काही किलोमीटरच्या आत बसतात. तरी माणसं पायाला फोड आणत मुंबईपर्यंत गेली, कारण या सगळ्यांना एकत्र हुकूम देऊ शकणारी पहिली जागा मंत्रिमंडळ होती.

२०२० मध्ये राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला (अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रांबद्दलचा) अधिकार वापरून एक पायरी घातली. जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यावर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील करता येतं. नाशिक विभागातल्या दावेदाराला ही समिती नाशिकरोडला मिळाली. पायरी चांगली आहे. ती आदिवासी विकास आयुक्तांकडे दिली नाही, महसुलाकडे दिली, हेही लक्षात घेण्यासारखं. जमिनीचा प्रश्न आला की सरकार महसूल यंत्रणेवरच विसंबतं, मग खात्याचं नाव काही असो.

जे खरंच चाललं

मोठ्या पुनर्रचनेपेक्षा दोन लहान बदलांनी जास्त काम केलं असं मला वाटतं.

एक, दुहेरी कार्यभार. राज्यातले अकरा प्रकल्प अतिसंवेदनशील मानले जातात, नाशिक आणि कळवण हे दोन्ही त्यात आहेत. तिथे प्रकल्प अधिकारी म्हणून आयएएस अधिकारी देण्याची पद्धत आहे आणि कळवणसारख्या ठिकाणी तोच अधिकारी सहायक जिल्हाधिकारीही असतो. एका खुर्चीत बसलेला माणूस सकाळी वनहक्काच्या उपविभागीय समितीचं काम पाहतो आणि दुपारी आश्रमशाळेचं. तहसीलदार त्याचं ऐकतात कारण तो प्रांत आहे. बांधकामचा उपअभियंता बैठकीला येतो कारण उद्या भूसंपादनासाठी त्यालाच याच्याकडे यायचं आहे. जे अधिकार खात्याने दिले नाहीत ते महसुलाच्या वजनाने मिळतात. यात तोटा एवढाच की अधिकारी नवा असतो आणि इथली माणसं, रस्ते, शाळा ओळखीच्या होईपर्यंत त्याची बदली येते. मग नव्याने सुरुवात.

दोन, पेसाचा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या केंद्राच्या कायद्याचा) पाच टक्के निधी. २०१४ मध्ये राज्याने पेसाचे नियम केले आणि पुढच्या वर्षी आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचं ठरलं. राज्यात असं क्षेत्र तेरा जिल्ह्यांत आहे. हा पैसा पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, जलसंधारण आणि वनाधारित उपजीविका यांवर खर्च करायचा आणि कशावर किती ते ग्रामसभा ठरवणार. सुकथनकरांनी निर्णय खात्यांकडून एका खात्याकडे आणला होता, इथे त्यातला थोडा भाग गावात गेला. ग्रामसभा सगळीकडे जागी असते असं कोणी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी ग्रामसेवक आणि सरपंच मिळून आराखडा लिहितात. पण जिथे पाड्यावरची माणसं बसली तिथे समाजमंदिराऐवजी पाण्याची टाकी मागितली जाते, आणि ती कोणाच्या खात्यात बसते हे त्यांना विचारावं लागत नाही.

१९९३ ची घडी किती पक्की

या प्रकरणाचा सर्वांत नाजूक धागा शेवटी येतो. आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये उपयोजनेसाठी कायदा केला, कर्नाटकानेही त्याच वर्षी केला. महाराष्ट्रातली व्यवस्था शासन निर्णयांवर आणि पायंड्यावर उभी राहिली. २०१७-१८ मध्ये योजनांतर्गत आणि योजनेतर हा भेदच गेला, तेव्हा '९ टक्के कशाचे' या प्रश्नाचं जुनं उत्तरही पुसट झालं, कारण अनिवार्य खर्च बाजूला ठेवून कार्यक्रमावरचा खर्च केवढा धरायचा हे वित्त विभाग ठरवतो. आणि २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतून तीनशे कोटींहून जास्त रक्कम महिला व बालविकास विभागाकडे वळवली गेली. लाभार्थ्यांत आदिवासी बहिणीही आहेत, हे त्यामागचं समर्थन. युक्तिवाद ओळखीचा आहे. १९९२ पर्यंत खाती आपल्या धरणांबद्दल आणि वीजवाहिन्यांबद्दल नेमकं हेच म्हणत होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात आश्रमशाळांतले रोजंदारी शिक्षक आणि कर्मचारी आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले. वर्षानुवर्षं तासिकेवर किंवा रोजंदारीवर शिकवणाऱ्यांच्या जागी बाह्यस्रोतातून माणसं घ्यायला त्यांचा विरोध होता. आयुक्त त्यांचं निवेदन घेऊ शकत होते. पदं मंजूर करायची तर आकृतिबंध, म्हणजे खात्यातल्या पदांचा मंजूर आराखडा लागतो, त्याला उच्चस्तरीय सचिव समिती आणि वित्त विभाग लागतो, आणि ते सगळं मुंबईत.

उद्या कोणी या विभागाची पुन्हा रचना करायला बसलं तर माझ्या मते नव्या आयुक्तालयाची किंवा नव्या संचालनालयाची गरज नाही. उपयोजनेचा हिस्सा कायद्यात बसवावा. ज्या इंजिनिअरांनी आणि डॉक्टरांनी 'टी' मागणीतल्या पैशावर काम करायचं आहे त्यांच्या गोपनीय अहवालावर प्रकल्प अधिकाऱ्याचा शेरा अनिवार्य करावा. आणि सहायक जिल्हाधिकारी व प्रकल्प अधिकारी या दुहेरी खुर्चीवरच्या माणसाला किमान तीन वर्षं हलवू नये. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना विधिमंडळही लागत नाही, सामान्य प्रशासन विभागाचा आदेश पुरतो.